दीड बोट माया

पोटासाठी मी लोकांचं रक्त काढते. कुठे ओळख करून द्यायची वेळ आली की मी मुद्दाम असंच सांगते. समोरचा दचकला की मला बरं वाटतं. मग खुलासा करते, की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये कामाला आहे, सकाळी उपाशीपोटी आलेल्यांच्या दंडाला रबर बांधते, सुई टोचते, नळ्या भरते. इतकी वर्षं हे केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. माणूस तोंडाने काहीही सांगो, नळी खरं बोलते. "छे हो, गोडाला मी शिवतसुद्धा नाही" म्हणणाऱ्यांच्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्यात.

पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या भाऊजींची आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लॅबला लागूनच त्यांचं शिवणाचं दुकान, आणि सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो. दुकान म्हणजे लांबोळकी एक खोली. पुढे कापड बेतायचं मोठं टेबल, मागे इस्त्रीचं टेबल, मध्ये दोन मशीन. एक ताईचं. दुसरं भाऊजींचं, त्याआधी त्यांच्या दादाचं, आणि त्याच्याही आधी त्यांच्या वडिलांचं. पायट्याचं लोखंड तीन माणसांच्या पायांनी घासून आरशासारखं झालंय.

भाऊजी कामात असले की त्यांच्या तोंडात टाचण्या असतात. ओठांत ओळीने धरलेल्या. त्या तशाच ठेवून ते गिऱ्हाइकाशी बोलतात, आणि गिऱ्हाईक बिचारं ताईकडे बघतं. ताई मान वर न करता काज करता करता सांगते, "बाही अर्धा इंच वर घेऊ का, विचारतायत." किंवा, "सरळ उभे राहा म्हणतायत." त्या टाचण्यांमधून काय येतं ते तिला कसं कळतं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. मला तर फक्त 'हम्म्फ' ऐकू येतं.

त्यांच्या धंद्यातला एक शब्द सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढे कपडा सैल करायची वेळ आली तर कामी यावं म्हणून, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. भाऊजींचा कुठलाही कपडा मायेशिवाय दुकानाबाहेर गेला नाही. पुरुषाची पँट असली की मागच्या शिवणीत दीड बोट माया ठरलेली. "माणूस आज असतो तेवढाच उद्या राहील कशावरून?" हे त्यांचं नेहमीचं. लहान मुलांच्या कपड्यात तर ते इतकी माया दडवायचे की कपड्याच्या आत दुसरा कपडा निघावा. नातीला, म्हणजे आमच्या ठमीला, हिवाळ्याआधी कोट शिवायचे तो मूळ कोट एकच. दर वर्षी खांदा उसवला, बाही सोडली, घेर सोडला, की कोट ठमीबरोबर वाढला. "माझा कोट पण जेवतो," असं ठमी शाळेत सांगायची.

तो कोट शेवटी मायेसकट संपला. मग भाऊजींनी ठमीला दुकानात बोलावलं, टेबलावर उभं केलं, माप घेतलं, आणि नवा कोट शिवला. छान निळा, मोठ्या बटणांचा. घालून बघताना ठमीने शिवण चाचपली. शिंप्याची नात ती, तिला ठाऊक होतं कुठे बघायचं. आत काहीच नव्हतं.

"आजोबा, यात मी मोठी कशी होणार?"

भाऊजींनी टाचण्या तोंडात घातल्या आणि इस्त्रीकडे वळले. ताईने नंतर एकटं गाठून विचारलं, की बाहुलीच्या झग्यालाही माया ठेवणारा माणूस आज असा का वागला. तेव्हा ते म्हणाले, "उसवायला कोण आहे?"

ताई तडक माझ्याकडे आली. नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होते मी. तिचा चेहरा बघून चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. तिने सांगितलं ते असं, की भाऊजींना चौसष्टावं लागलंय. त्यांचे वडील चौसष्टाव्या वर्षी गेले, त्याच मशीनवर, दुपारचं भरपेट जेवून येऊन बसले होते तेव्हा. दादाही चौसष्टाव्या वर्षीच. छातीत कळ, आणि संपलं. तेव्हापासून भाऊजींनी मनाशी धरलंय की आता आपली पाळी. कुणाला बोलत नाहीत, पण हिवाळ्याच्या पुढचं काम घेत नाहीत.

मला रागच आला. माणसाने घाबरावं, मी नाही म्हणत नाही, पण निदान तपासून तरी घाबरावं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दुकान उघडायच्या आत धरून लॅबमध्ये आणलं. टेप गळ्यात तसाच. "मेहुणीबाई, रक्त काढायचा फार हौसेने धंदा करतेस तू," म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हा माणूस दिवसभर सुयांमध्ये राहतो, आणि माझ्या एका सुईला डोळे मिटतो.

रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. नितळ राहायला हवं. भाऊजींचं तसं नव्हतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर दूध सांडावं तसं गढूळ. आम्ही लॅबवाले अशा वेळी नळीमागे छापील कागद धरून बघतो, अक्षरं दिसतात का. मी त्यांच्या गळ्यातला टेप ओढला आणि नळीमागे धरला.

"वाचा आकडा."

ते वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "धुकं पडलंय."

"ते धुकं म्हणजे चरबी. रात्रभर पोटात काही नसताना ही अवस्था."

रिपोर्ट आला तेव्हा रक्तातली चरबी साडेचारशेच्या घरात निघाली, असावी त्याच्या तिप्पट. वाईट कोलेस्टेरॉल चढलेलं, चांगलं खाली बसलेलं. ताईचा जीव टांगणीला लागला. भाऊजी मात्र काहीसे समाधानी दिसले, आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखे. मला त्यांना चिमटा काढावासा वाटला.

मी रिपोर्टसकट त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. हृदयाचा आलेख काढला, पोट दाबून पाहिलं, आणि सांगितलं की हृदय अजून ठीक आहे, गोळी देता येईल, पण तीन महिने आधी ताटावर प्रयत्न करू. मग त्यांनी समजावलं. वय वाढलं की जेवणातून आलेली चरबी रक्तातून उचलून न्यायचं काम शरीर सावकाश करायला लागतं. तरुणपणी दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत रक्तातून साफ व्हायचं, आता रेंगाळतं. आणि लागतं त्याहून जास्त खाल्लं, की यकृत त्या जास्तीची चरबी करून पुन्हा रक्तात सोडतं. मग ते जास्तीचं लोणी असो, पाव असो, की चहातली साखर.

"रोज जेवता त्यातला चौथा हिस्सा कमी करा," त्या म्हणाल्या.

"कशातला?" भाऊजींनी विचारलं.

"सगळ्यातला. साखरेतला सगळ्यात आधी."

"आणि याने मी पासष्टीला पोचेन?"

"मास्तर, तशी चिठ्ठी मला कुणीच लिहून देत नाही. पण तुमच्या वडिलांच्या आणि दादांच्या रक्तात काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. तुमचं पाहिलंय. एवढा फरक पुरे नाही का?"

भाऊजींना हे पटलं असावं. पण पटलं म्हणजे काय, तर घरी येऊन त्यांनी चौथ्या हिश्श्याऐवजी अर्धं जेवण तोडलं. शिंप्याच्या हातात कात्री दिली की असं होतं. चौथ्या दिवशी इस्त्रीपाशी त्यांना भोवळ आली आणि स्वतःच्याच सदऱ्याची बाही जळली. डॉक्टरीणबाईंनी चांगलं फैलावर घेतलं. "उपाशी राहायला सांगितलं नव्हतं, मापात खायला सांगितलं होतं! या वयात एकदम तोडलंत तर चरबीबरोबर दंडाचं मांसही जाईल. मग कात्री कोण धरणार? अंडं, मासा, कडधान्य, भाज्या, यांना कात्री लावायची नाही. हात आखडायचा तो पावावर, भातावर, तळलेल्यावर. मधल्या वेळची बिस्किटं बंद."

बिस्किटांचा त्यांनी उपाय काढला. चार वाजले की टाचण्या तोंडात घालायच्या, शिवायचं असो वा नसो. टाचण्या असताना बिस्किट जात नाही. रस्त्यावरून जाणारे म्हणायला लागले, मास्तरांना हल्ली फार काम आहे.

पण घरचा मामला कठीण होता. एक तर भाऊजी चिडचिडे झाले. पोटात कावळे ओरडत असताना कुणी गोड बोलत नाही, हे मान्य. पण बटण सापडत नाही म्हणून बटणांच्या डब्याशी भांडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दुसरं म्हणजे वजनाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. "काट्याला काय कळतं? तो हाडंही मोजतो आणि बूटही." बरं, टेपने कंबर मोजावी, तर "स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, वाकलं की पोट बदलतं." ताईला मोजू देतील म्हणावं, तर पोट मोजून घ्यायची लाज. शेवटी त्यांनी साक्षीदार नेमला तो म्हणजे रविवारची तपकिरी पँट. दर रविवारी ती घालायची आणि कंबरपट्टीत किती बोटं शिरतात ते पाहायचं. पहिल्या रविवारी एकही शिरलं नाही. दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी ते पँट घडी करून ठेवताना म्हणाले, "राहू दे. आमच्या घराण्यात नाहीच ते." ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, पण बटणाला दोरा घालताना तीनदा चुकली.

आणि मग चौथ्या रविवारी एक बोट शिरलं.

काय आनंद! दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी कंबरपट्टीत बोट घालून दाखवलं. पुढच्या रविवारी दीड. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. लोकांनी वाहवा केली की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. भाऊजींच्या बाबतीत ते मांस नेमकं उतरवायचं होतं, पण आनंदापुढे तेवढं कोण बघतो. ते गुणगुणायला लागले. टाचण्यांतून गुणगुणणं म्हणजे माशी बाटलीत अडकल्यासारखं ऐकू येतं. ताईच्या चेहऱ्यावरही तेज आलं. मीसुद्धा खूश. एकदा दुपारी डोकावले तर भाऊजी लोणी लावलेला पाव खात होते. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. तर म्हणाले, "अगं, दोन बोटं सैल झालीय! थोडी सूट नको का?"

दीड महिना झाला तसं मी पुन्हा रक्त घेतलं. ताई आणि भाऊजी बाहेर बाकावर बसून होते, निकाल लागायची वाट बघणाऱ्या मुलांसारखे. मी नळी यंत्रातून काढली आणि दिव्यासमोर धरली.

दूधच. आधीपेक्षा दाट.

मला वाटलं नळ्या बदलल्या. चिठ्ठी पुन्हा वाचली. मग रिपोर्ट घेऊन दुकानात गेले, कारण अशी बातमी बाकावर बसवून सांगायची नसते.

"तुमचं मशीन बिघडलंय," भाऊजी म्हणाले.

"मशीन बिघडलं असतं तर आज सगळ्या रस्त्याचं रक्त दुधाळ निघालं असतं."

"मग काय माझी पँट खोटं बोलते?" ते उठले आणि मागच्या खुंटीवरून तपकिरी पँट घेऊन आले. "ही बघ. आता तर इतकी सैल झालीय की आत घ्यावी लागेल. थांब, तुझ्यासमोर आत घेतो आणि घालून दाखवतो."

"अहो, राहू द्या ना ते," ताई घाईघाईने म्हणाली. "चहा घेता का? साखर घालते."

आता मी ताईकडे नीट पाहिलं. साखरेचा डबा कुलपात ठेवणारी बाई ही.

भाऊजींनी पँट उलटी करून टेबलावर पसरली, मागची शिवण बोटाने चाचपली, आणि थांबले. पुन्हा चाचपली. चष्मा कपाळावर नेला, शिवण डोळ्यांजवळ आणली.

"माया कुठे गेली?"

ताईने काजाच्या कापडात मान घातली.

"यात मी स्वतःच्या हाताने दीड बोट माया ठेवली होती. हिच्यात आता दोरा राहायला जागा नाही." त्यांनी अंगठ्याने टाके हळूच वाकवले. "आणि हे टाके माझे नाहीत. हे उलटे झुकलेत."

उलटे झुकलेले टाके सगळ्या रस्त्यात एकाच हाताचे. आमची ताई डावखुरी आहे.

"हो, मीच," ताई म्हणाली. काजाचं कापड तिने मांडीवरून खाली टाकलं. "दर शनिवारी तुम्ही आंघोळीला गेलात की मीच सोडत होते, थोडी थोडी. ठमीचा कोट बिनमायेचा कापलात त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. उसवायला कोण आहे म्हणालात! कोण आहे म्हणजे काय? मी पुढे एकटीने काय करायचं तेही ठरवून ठेवलंत का? उपाशी राहून तोंड एवढंसं झालं होतं तुमचं, आणि ही मेली पँट तसूभर हलायला तयार नाही. म्हटलं, माणसाला थोडा तरी धीर येऊ दे. धीर आला तर पुढचं आपोआप होईल."

"बरं, ते कळलं," मी म्हटलं. "पण मग लोणी आणि पाव?"

"मग वाढणारच ना! एवढी सैल झाल्यावर मला वाटलं, आता दोन घास जास्त गेले तरी..." ताई मध्येच थांबली.

"ताई, पँट तूच सैल केलीस ना?"

"हो गं. पण सैल दिसत होती ना!"

ऐकता ऐकता भाऊजींनी सवयीने टाचण्या तोंडात घातल्या होत्या. त्या एकदम उडाल्या. मला आधी वाटलं रागाने. तो माणूस हसत होता. टेबलाला धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "स्वतः उसवलीस," त्यांना बोलता येईना, "आणि स्वतःच फसलीस!" ताईने दोन क्षण रागावून पाहिलं आणि मग तिलाही आवरेना. एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं ते दारातच उभं राहिलं. कारण आम्ही तिघंही तेव्हा जमिनीवर रांगत टाचण्या वेचत होतो आणि हसत होतो.

हसून झाल्यावर भाऊजी टेबलाखालीच बसून राहिले. हातात टाचण्या, तोंड मोकळं, त्यामुळे मलाही सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"अगं, मी तो कोट कापला ते तुला इतकं लागलं होतं, हे मला माहीत नव्हतं."

"चाळीस वर्षं शेजारी बसते मी," ताई म्हणाली. "तुमच्या कात्रीचा आवाज बदलला तरी मला कळतो."

"मग आता असं करू. पँटीत माया नको शोधायला, आणि ताटातही नको ठेवायला. ताट मापात."

"ताटात नको, पँटीत नको. मग मी माया ठेवू कुठे?"

भाऊजींनी विचार केला. "संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला ये. तिथे ठेव."

मी उठून लॅबमध्ये गेले. मला काम होतं, आणि नाकही पुसायचं होतं.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते, पण त्यात चोरी नव्हती. ताईने मोठी ताटं माळ्यावर टाकली आणि नाश्त्याच्या बशीत जेवण वाढायला लागली. वाढताना तिचा हात सवयीने पुढे जायचा, मग तीच दुसऱ्या हाताने त्याला मागे ओढायची. बघायला मजा यायची. सकाळी अंडं, दुपारी बशीभर भाजी आणि कडधान्य, भाताचा एक छोटा ढीग, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. चहा बिनसाखरेचा. पहिल्या घोटाला भाऊजींनी असं तोंड केलं की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं आपलाच कोट बिघडला. रविवारी कंबर मोजायचं काम ताईचं, टेपने, लाज बाजूला ठेवून, आणि आकडा वाचायला मी साक्षीदार. ताईवर माझा विश्वास आहे, पण टेप तिच्या हातात असताना नाही.

संध्याकाळी दोघं चालायला जायची. आधी कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत, मग पुलापर्यंत, मग पूल ओलांडून पलीकडे. भाऊजींना वाटेत प्रत्येकाच्या कोटाची शिवण दिसायची. "बघ, बघ, याने कॉलर कशी बसवलीय!" असं करत ते इतकं हळू चालायचे की ताईने शेवटी फर्मान काढलं, शिवण बघायची असेल तर माणसाच्या पुढे जाऊन वळून बघायची. मग मात्र वेग आला.

भूक हळूहळू शहाणी झाली. भाऊजीच म्हणाले एकदा, "पूर्वी जेवून मशीनवर बसलो की डोळे मिटायचे. आता सुईत दोरा एकदाच जातो." बटणांच्या डब्याशीही त्यांचा समेट झाला.

तीन महिने झाले त्या सकाळी भाऊजींनी हात स्वतःहून पुढे केला. डोळे मात्र मिटलेच. ताई बाकावर बसली नाही, दारात उभी राहिली. मी नळी यंत्रात घातली. ते यंत्र थांबेपर्यंत मी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. रोज पन्नास नळ्या फिरवते मी, पण एका नळीसाठी असा जीव कधी वर-खाली झाला नव्हता.

नळी बाहेर काढली. पिवळसर पाणी. नितळ.

 मी भाऊजींच्या गळ्यातला टेप ओढून त्यांच्याच हातात दिला आणि नळी खिडकीसमोर धरली. ते वाकले. टेप नळीमागे धरला आणि एक आकडा शोधून काढला.

"चौसष्ट," त्यांनी वाचलं. मग टेप सरकवला. "पासष्ट दिसतोय." अजून सरकवला. "सत्तर. सत्तर दिसतोय गं!" ताई धावत आत आली. "पंच्याहत्तर. ऐंशी! अगं, ऐंशी चक्क दिसतोय!" एव्हाना लॅबमध्ये रांगेत बसलेले उपाशी लोक माना उंचावून बघायला लागले होते. एका आजीबाईंनी मला विचारलं, "बाई, कपड्याचं मापही इथेच घेता का?"

आकडे यायला दुपार झाली. चरबी दीडशेच्या जरा वर, वाईट कोलेस्टेरॉल बऱ्यापैकी उतरलेलं, चांगलं किंचित वर सरकलेलं. "ते चांगलं जरा आळशी असतं, चालत राहा, हलेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळी तूर्त नको, दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, बशी सोडायची नाही. "वयाबरोबर जे चढत जातं ते तुम्ही उतरवून आणलंत, मास्तर. पुढचं तुमचं तुम्ही बघा, मी आहेच." भाऊजींनी तिथल्या तिथे त्यांच्या पांढऱ्या कोटाची उसवलेली बाही हेरली आणि ती शिवायला द्यायचं कबूल करवून घेतलं.

दुकानात परतल्यावर ते मशीनवर बसले नाहीत. मागच्या फळीवरून लाल, जाड कापडाचा गठ्ठा काढला, टेबलावर उलगडला आणि ठमीला बोलावणं धाडलं.

"आता कोट?" ताई म्हणाली. "थंडी सरत आली की."

"पुढच्या थंडीला," भाऊजी म्हणाले आणि टाचण्या तोंडात घातल्या.

ठमी शाळेतून तशीच आली, टेबलावर चढली. भाऊजींनी माप घेतलं, कापडावर खडूने रेघ ओढली. मग त्या रेघेच्या बाहेर दुसरी ओढली. मग जरा मागे सरून पाहिलं, आणि तिच्याही बाहेर तिसरी. ताईने डोळे मोठे केले. मी हिशेब करायला लागले की या कोटात ठमी कुठवर मावेल, आणि सोडून दिला. कापड कापून, टाचून त्यांनी ते कच्चं ठमीच्या अंगावर चढवलं. बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या. ठमीने नेहमीप्रमाणे शिवण चाचपली. या वेळी तिचा आख्खा हात आत गेला.

"आजोबा, एवढी माया? ही कधी संपणार?"

भाऊजी टाचण्यांमधून काहीतरी म्हणाले. मला 'हम्म्फ' ऐकू आलं. ठमीलाही तेवढंच ऐकू आलं असावं, कारण ती वळून म्हणाली, "आजी, काय म्हणाले?"

ताईने पदराने डोळे टिपले. 

"म्हणतायत," ती म्हणाली, "उसवायला मी आहे."